मशीनपुढचा सडा

सुकदेव, अख्ख्या सातपूरची हवा मी एकट्यानं साफ केली. म्हणजे मशीनच्या चौथऱ्याभोवती दहा पावलं. त्याच्या पुढं माझा पाइप पुरत नव्हता.

हे ऐकून तू हसला असता. हसता हसता खोकला असता आणि खोकून झाल्यावर मला शिवी दिली असती. आता त्यातलं काहीच होणार नाय, म्हणून मला बोलायला जोर आलाय. मेलेल्या माणसापुढं मी लय शूर हाय.

परवा तुझं दहावं झालं. घाटावरून परत आल्यावर आपल्या गल्लीतली माणसं चहाला बसली. मंडळाची पुस्तिका निघते ना दरवर्षी, देणगीदारांच्या फोटोंची, त्यात ह्या वेळी दोन पानं सुकदेववर टाकायची असं ठरलं. लिहिणार कोण, तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कारण बबन कुणाच्याही मयतीत माणसं हसवतो. बबनला लिहिता येत नाय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाय, आणि मीपण शहाण्यासारखी मान डोलावली. मला येते ती सही, आणि तीपण तू शिकवलेली, शेडच्या फरशीवर खडूनं. तीन अक्षरं. त्याच्या पुढं माझी शाळा गेली नाय.

म्हणून हे मी बोलतोय आणि वहिनी लिहितायत. तुझे सगळे अर्ज ज्या हातानं लिहिले गेले, तोच हात. मी त्यांना एवढंच सांगितलं की वहिनी, मी सुकदेवशी बोलणार, तुम्ही फक्त लिहायचं, मधे थांबायचं नाय. त्या म्हणल्या, बरं. मी काय बोलणार हाय ते त्यांना अजून माहीत नाय. त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाय, म्हणून तुला सांगतोय. तुझ्या आडून त्यांना.

आपण दोघं नांदगावकडचे. तू आधी आला, मी तुझ्या मागं पिशवी घेऊन. ओतीव मालाच्या कडा घासायच्या त्या शेडमध्ये तू ग्राइंडरवर आणि मी तुझा हेल्पर. मी किती कामाचा होतो ते सांगतो. एकदा रिकाम्या पोत्यांवर झोपलो, तर पोरांनी मला पोत्यांसकट टेम्पोत भरलं आणि मला जाग आली ती अंबडच्या नाक्यावर. शेठ म्हणला, मालापेक्षा हाच जास्त वेळ पडून असतो, काढा ह्याला. तू माझ्यासाठी शेठशी भांडला. शेठनं मला कायमचं काढलं आणि तुला दोन दिवस घरी बसवलं. त्या दोन दिवसांबद्दल तू मला एक शब्द बोलला नाय. बोलला असता तर बरं झालं असतं, मला उपकार मोजायची सवय नव्हती.

तुझ्या डोक्यात सायन्स कुठून शिरलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाय. नववी नापास तू. पण भजी आली की आधी कागद वाचायचा, मग भजी. थंड झालेली भजी खाणारा सगळ्या सातपुरात तू एकटाच. ग्राइंडरची धूळ नाकातून काळी यायला लागली तेव्हा बाकीच्यांनी धुळीवर उतारा म्हणून गूळ खाल्ला. तू वहिनींचा जुना पांढरा परकर मागून घेतला.

हातरुमालाएवढे तुकडे केले तू त्याचे. रोज सकाळी एक तुकडा ओला करून ग्राइंडरपासून हातभर लांब खिळ्याला टांगायचा. सुटी झाली की उतरवायचा, वाळवायचा, कोपऱ्यात पेनानं तारीख टाकायची आणि पिशवीत ठेवायचा. सकाळी पांढरा, संध्याकाळी तव्याच्या बुडासारखा. मी सगळ्या गल्लीत सांगत फिरलो की सुक्या बायकोचे परकर कारखान्यात वाळत घालतो. लोकं पोट धरून हसले. तू शांतपणे म्हणला, "हे माझं मशीन हाय. खरं मशीन येईपर्यंत."

हवा मोजणाऱ्या खऱ्या मशीनसाठी तू सह्या गोळा केल्या. दोन वर्षं, शेडोशेड, जेवणाच्या सुटीत. तुझं म्हणणं साधं होतं. माणसाचा खोकला साहेब ऐकत नाय, कारण खोकला कुणीपण काढू शकतो. मशीनचा आकडा त्याला ऐकावाच लागेल. मी म्हणायचो, लाइटीवर चालणारी कुठलीच वस्तू खरी नसते, घरचं मीटर बघ. तू म्हणायचा, मशीन खोटं बोलत नाय, खोटं माणूस बोलतो. हा वाद आपण किती चहांवर घातला असेल. दर वेळी मी जिंकायचो, कारण लोक माझ्या बाजूनं हसायचे. तुझ्या कागदावर पहिली सही मात्र माझी होती. आयुष्यातली पहिली. तू बोट ठेवून जागा दाखवली आणि मी जीभ बाहेर काढून तीन अक्षरं काढली.

आणि मशीन आलं. फीत कापली, एका साहेबानं विज्ञानावर भाषण केलं, आपण टाळ्या वाजवल्या. बसवलं कुठं, तर बागेत. चौथरा, भोवती जाळी, वर कडुनिंब. फाटकावर बोर्ड, त्यात आकडा आणि रंग. हिरवा म्हणजे हवा चांगली, पिवळा म्हणजे बरी, लाल म्हणजे वाईट. माझ्यासारख्या अडाण्याची सोय.

तू साहेबाला विचारलं की आमची नाकं गल्लीत हायत, मशीन बागेत का. साहेब चांगला माणूस होता, नीट उत्तर दिलं त्यानं. नियम असा की मशीन मोकळ्या जागी पाहिजे, धुराच्या तोंडावर नको, सगळ्या भागाची सरासरी कळली पाहिजे. शेडच्या आतली हवा कोण मोजणार असं तू विचारलं, तर ते दुसऱ्या खात्याकडं. आणि तुला ते पटलं, सुक्या. मला म्हणला, नियमात काहीतरी विचार असणार, हवा काय भिंतीला थांबते, आज ना उद्या आपली धूळ त्याच्या नाकात जाईलच. त्या दिवशी तू पेढे वाटले. आपल्या छातीतलं विष मोजलं जाणार म्हणून पेढे वाटणारा माणूस मी दुसरा बघितला नाय.

त्याच आठवड्यात मला नोकरी लागली.

वरून असं ठरलं होतं म्हणे की आकडा खाली आणायचा. हवा साफ करा असं म्हणले असतील, पण खाली येईपर्यंत त्याचं आकडा साफ करा असं झालं. धूळ कमी करायचं काम एका कंत्राटदाराला गेलं. त्याच्या मुकादमाला टँकरवर एक माणूस पाहिजे होता, प्रश्न न विचारणारा. अशा माणसांची दुनियेत एकच जात असते, आळशी. मुकादम मला म्हणला, ते मशीन तापतं, दिवसातून तीन वेळा चौथऱ्याभोवती पाणी मार, झाडं धू, वर हवेत फवारा उडव, थंड राहिलं पाहिजे. मी विश्वास ठेवला. मशीन हाय, तापणारच.

तुला मी सांगितलं, बागेत झाडांना पाणी घालायचं काम मिळालं. किती आनंद झाला रे तुला. बबन्याला अक्कल आली म्हणून तू सगळ्या गल्लीत सांगितलं. झाडं धूळ धरतात, हा हवेचं काम करतोय, असं चहावाल्याला समजावलं. सकाळच्या पाळीला जाताना तू फाटकापाशी सायकल थांबवायचा आणि म्हणायचा, "राम राम माळीबुवा." मग बोर्डाकडं बघायचा. हिरवा. मान हलवायचा, पॅडल मारायचा आणि खोकत जायचा.

मला आत्तापर्यंत लोकांनी लय नावं ठेवली. झोप्या, पोतं, टेम्पो. माळीबुवा कुणी म्हणलं नव्हतं. मी अंघोळ करून कामावर जायला लागलो. बायका दारापुढं सडा घालतात तसं मी मशीनपुढं सडा घालायचो, सारखा, एक थेंब कमी नाय की जास्त नाय. शेडमध्ये असताना एवढं मन लावून मी जेवलोपण नव्हतो.

आता दसऱ्याचं सांगतो. वहिनी, इथं जरा हळू लिहा.

दसऱ्याला आपल्याकडं जो तो आपापल्या मशीनची पूजा करतो. शेडमध्ये तुम्ही सगळे ग्राइंडरला हार घालायचे, सुक्या, आणि मी लांबून बघायचो, कारण माझं मशीन कधी नव्हतंच. त्या वर्षी होतं. मी सकाळीच चौथरा धुतला, जाळीला झेंडूचा हार बांधला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग म्हटलं, आपल्याला पोटाला देतंय तर हात आखडता कशाला घ्यायचा. घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, त्यावर मूठभर धूप, नारळाची शेंडी आणि कापूर. घमेलं मशीनच्या बरोबर खाली ठेवलं, म्हणजे सगळा धूर देवाला. डोळे मिटून हात जोडून उभा राहिलो.

डोळे उघडले तर बोर्ड लाल. मी म्हटलं, देव पावला, सणाचा रंग घेतला.

मुकादम मोटरसायकल रस्त्यावर टाकून पळत आला. घमेलं लाथेनं उडवलं, निखारे माझ्या पायावर. तो ओरडला, "अरे रेड्या, ते नाक हाय. नाकाखाली धूर करतो? पाणी कशाला मारतो तू इथं, नाकात धूळ जाऊ नये म्हणून ना?"

असं मला शास्त्र कळलं. मशीन तापत नव्हतं. ते सगळ्यांच्या वतीनं श्वास घेत होतं आणि मी त्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधत होतो. त्या दिवसापर्यंत मी अडाणी होतो. त्या दिवसानंतर अडाणी राहिलो नाय, हरामखोर झालो. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी टँकर घेऊन परत गेलो आणि सडा घातला. पहिल्यापेक्षा चांगला घातला.

वहिनी थांबल्यात, सुक्या. पेन हातातच हाय. मी खाली फरशीकडं बघतोय. आता परत लिहायला लागल्या. मला वाटलं होतं वही फेकून मारतील. पाठकोरी हाय, लागली नसती.

पोटासाठी गप्प बसलो असं म्हणलं तर लोक माफ करतात, म्हणून तसं म्हणणार होतो. खरं कारण त्याच्यापेक्षा हलकं हाय. तू माळीबुवा म्हणायचा ते मला सोडवेना.

आणि त्या दसऱ्याला, मुकादम गेल्यावर, तू काय केलं ते बघ. तू दसऱ्याचं सोनं वाटत रस्त्यानं येत होता. बोर्ड लाल दिसला तसा धावत आला. तेव्हा तुला धावता येत नव्हतं तरी धावला. फाटकाला धरून दम घेतला, मोबाइल काढला, तीन फोटो घेतले. विझलेलं घमेलं मी पाठीमागं घेऊन उभा. तू मला मिठी मारली आणि म्हणला, "बबन्या, बोललं रे मशीन. शेवटी खरं बोललं." माझ्या अंगाला धुपाचा वास येत होता. तुझं नाक कामातून गेलं होतं म्हणून वाचलो.

तो फोटो तू सरकारकडं केलेल्या अर्जाला लावला. अर्जात दोनच गोष्टी होत्या, मला पाठ हायत. छातीचा हा रोग कामावरच्या धुळीनं झाला असं लिहून द्या, म्हणजे भरपाई मिळेल. आणि गल्लीतल्या प्रत्येक शेडमध्ये धूळ ओढून घेणारा पंखा सक्तीचा करा. पहिली स्वतःसाठी, दुसरी आपल्या सगळ्यांसाठी. मी म्हटलं, पहिलीच माग, दुसरीमुळं पहिलीपण जाईल. तू म्हणला, पहिली मिळून मी किती दिवस खाणार.

गंगापूर रोडकडं सरकारी ऑफिसात त्या अर्जाच्या सुनावणीला तुझ्याबरोबर मी गेलो. तुला जिना चढवायला माणूस पाहिजे होता. एका मजल्याला आपण तीनदा थांबलो. दर वेळी मी म्हणायचो की नवरीसारखा काय चालतो, वर नवरदेव वाट बघतोय. तू हसायचा. मला वाटायचं, मी तुझी सेवा करतोय.

तिथल्या साहेबानं पाणी दिलं, बसायला सांगितलं. तू पिशवी उघडली आणि फडकी टेबलावर मांडायला लागला, तारखेवारी. पांढरी, करडी, काळी. साहेब म्हणला, हे काय. तू सांगितलं, शेडमधली हवा. तो म्हणला, बाबा, ह्याला प्रमाण नाही, कुठल्या प्रयोगशाळेचा शिक्का नाही, ही फडकी मी फाइलला कशी लावू. शिपायाला सांगून त्यानं ती परत पिशवीत भरून घेतली. शिपायानं दोन बोटांनी उचलली. मग साहेबानं कॉम्प्युटरवर बागेतल्या मशीनचं वर्षभराचं रेकॉर्ड काढून तुझ्याकडं फिरवलं. हिरवं. सगळं हिरवं, शेतात पीक उभं असावं तसं. माझं पीक ते. मी पाणी घातलेलं.

तू फोटो पुढं केला. साहेबानं ती तारीख बघितली आणि म्हणला, हा दसऱ्याचा दिवस, तासाभरापुरता आकडा वर गेला, जवळ कुणीतरी काहीतरी जाळलं असणार, असे आकडे आम्ही गाळतो. तू म्हणला, साहेब, तेवढाच एक खरा हाय. साहेबानं तुझ्याकडं लय मायेनं बघितलं आणि विचारलं, बिडी ओढता का. तू आयुष्यात बिडीला हात लावला नाय. माझ्या शर्टाच्या खिशात बंडल होतं. साहेबाची नजर त्याच्यावर गेली आणि परत तुझ्यावर आली. त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी तो म्हणला, "काका, मशीन खोटं बोलत नाही."

तुझंच वाक्य. तुझ्याच वाक्यानं तुला उठवलं रे तिथून.

मी शेजारच्या खुर्चीत होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला, साहेब, तिथं मी पाणी मारतो. पाच शब्द. जो माणूस मयतीत अर्धा तास बोलतो त्याला पाच शब्द आले नाय. मी काय बोललो ते सांगू? मी म्हणलो, "साहेब, पंखा जरा हळू करा, ह्यांचे कागद उडतायत." साहेब हसला. मला बरं वाटलं.

परत येताना बसमध्ये तू खिडकीला बसला. फडक्यांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणला, बबन, माझंच काहीतरी चुकत असेल. वर्षभर मशीन हिरवं दाखवतंय तर हवा चांगलीच असणार. मग खोट माझ्याच छातीत असेल, जन्मापासूनची. माझा बाप पण खोकायचा.

तू मशीनवर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या फुप्फुसावरचा काढून घेतला. तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं. बसमध्ये कुणी साहेब नव्हता, मुकादम नव्हता, तू आणि मी. मी तुला विनोद सांगितला. नांदगावच्या बाजारातल्या बकऱ्याचा, तुझा आवडता. तू हसला, हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. पुढच्या सीटवरच्या बाईनं तोंडाला पदर लावला आणि पोराला ओढून उठून गेली. सातपूर येईपर्यंत आपल्या भोवती दोन्ही बाजूंच्या सीटा रिकाम्या झाल्या. मी म्हटलं, बघ, साहेबासारखी जागा मिळाली. तू परत हसायला लागला. मी तुला हसवून हसवून खोकवलं, सुक्या, म्हणजे तुला बोलायला सवड मिळू नये आणि मला ऐकायला.

शेवटच्या महिन्यात तुझ्या घरात दोन मशीनं आली. एक ऑक्सिजन बनवणारं, भाड्याचं, घरघर करणारं. दुसरं बोटाला लावायचं चिमट्यासारखं. सकाळी मी बागेत जाऊन एका मशीनला हिरवं करायचो आणि दुपारी तुझ्याकडं येऊन दुसऱ्यावरचा आकडा पडताना बघायचो. तुला तो चिमटा आवडायचा. स्वतःच वाचायचा, वहिनींना सांगून कागदावर लिहून ठेवायचा, तारखेसकट. म्हणायचा, हे मशीन चांगलं, हे माणसाला लावलेलं हाय.

तेव्हा आपला वाद परत निघाला. तू म्हणला, चूक मशीनची नाय, जागेची हाय. जिथं माणूस श्वास घेतो तिथं त्याच्या नाकाएवढ्या उंचीवर मशीन टांगा, मग बघा. बोलताना मधे तीनदा थांबला. मी म्हटलं, आता तरी हार मान, लाइटीवर चालणारं सगळं खोटं असतं. तू ऑक्सिजनच्या नळीकडं बोट दाखवलं आणि म्हणला, हे बंद करू का मग. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू जिंकला आणि हसायला घरात कुणी नव्हतं.

निघताना तू माझा हात धरला. मला वाटलं, ह्याला कळलंय, आता विचारणार. मी मनात तयारी केली, खरंच केली. तू म्हणला, "झाडांचं काम सोडू नको, माळीबुवा. तेवढं एक चांगलं करतोयस."

ह्याच्यापेक्षा मला चपलेनं मारलं असतं तर चाललं असतं.

तू गेला तेव्हा सकाळ होती. मी टँकरवर होतो. वहिनींचा फोन आला तेव्हा अर्धी टाकी शिल्लक होती. मी लगेच पळत आलो असं मी दहाव्याला सगळ्यांना सांगितलं. खोटं हाय ते. मी अर्धी टाकी संपवली आणि मग आलो. अर्धवट सोडलं असतं तर दुपारी आकडा चढला असता आणि मुकादम ओरडला असता. तुझी ताटी निघाली तेव्हा रस्त्यात बागेचं फाटक लागलं. मी खांदा दिलेला होता. मान वळवून बघितलं. हिरवा.

आणि आज सकाळीपण मी पाणी मारून आलोय. माझ्या पँटचे पाय अजून ओले हायत, वहिनींना समोर दिसतायत.

तुझा अर्ज बंद झाला नाय, सुक्या. वहिनींच्या नावानं पुढं चालू हाय, सोमवारी तारीख हाय. शेडमध्ये तुझ्या ग्राइंडरवर आता तुझ्या भावकीतला एक जण उभा राहतो. पंखा अजून नाय. सकाळी तो पण फाटकावरून जातो, पण राम राम करत नाय. त्याला मी कोण ते माहीत नाय.

तर हे असं हाय. मित्रा, तू धुळीनं मेला असं लोक म्हणतील, डॉक्टर आणखी काही म्हणतील. मी खरं सांगतो. तुला मी मारलं. ह्या हातानं, त्या पाइपानं, रोज तीन वेळा. तुझा खुनी तुझ्या ताटीला खांदा देऊन आला आणि आता तुझ्याच घरात बसून तुझ्या बायकोच्या हातचा चहा पितोय. ह्या पापाला माफी नाय. मला माफ करू नको.

एवढं बोलून मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं रडलो. वहिनी रडल्या नाय. वाक्य पुरं केलं, पेनाला टोपण लावलं, आत गेल्या आणि फडक्यांची पिशवी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. मग बोलल्या. मी म्हटलं, हेपण लिहा. त्यांनी टोपण काढलं आणि लिहिलं.

"भाऊजी, इतका मोठेपणा घेऊ नका. ते वीस वर्षं धूळ खाऊन गेले, तुमच्या पाइपानं माणूस मरत नसतो, तेवढी तुमची पोच नाही. तुम्ही फक्त गप्प बसलात. सोमवारी पिशवी मी आणते, तुम्ही तुमचं तोंड घेऊन या, आणि साहेबाला हसवलंत तर परत माझ्या दारात उभं राहू नका."